तेरावी पायरी कुणाच्या मालकीची?

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात काही वर्षांपूर्वी आम्ही २२ मिनिटांचा भयपट केला. संकलन माझ्याकडे होतं. वाड्याच्या जाड भिंतीच्या पोटातून माडीवर जाणारा जिना होता. अरुंद, उभा, भर दुपारीही अंधारा, दोन्ही हातांनी भिंत चाचपडत चढावा लागणारा. पायऱ्या तेरा. गोष्टीच्या सुरुवातीला नातू त्या मोठमोठ्याने मोजत उतरतो आणि ‘तेरा’ म्हणत माजघरात उडी मारतो. शेवटाकडे रात्र आहे. आजी पिवळ्या बल्बखाली सुपात गहू निवडत बसली आहे, घरात दुसरं कोणी नाही, आणि जिन्यात पावलं वाजू लागतात. सावकाश, एकेक. बारा वाजतात. तेरावं वाजत नाही. आजीचा हात सुपातच थांबतो. ती जिन्याच्या तोंडाकडे बघत राहते, आपणही बघत राहतो, आणि १४ सेकंदांनी पडदा काळा होतो.

त्या १४ सेकंदांवर मी दहा-बारा दिवस घालवले. १० वर कापलं तर बघणाऱ्याच्या मनातली मोजणी अजून पुरी झालेली नसते. १८ वर नेलं तर त्याला सुपातले गहू दिसायला लागतात, बल्ब दिसतो, आपण सिनेमा बघतोय हे आठवतं. एका रात्री शेजारच्या काकूंना लॅपटॉपवर दाखवलं. दहाव्या पावलाला त्यांनी जमिनीवर टेकलेले पाय उचलून खुर्चीत घेतले. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, एक पाऊल कमी वाजलं ना?” मला हवं होतं ते मिळालं होतं.

मग निर्मात्यांनी कट, म्हणजे मी जोडून तयार केलेली आवृत्ती, बघितला. बागेतल्या द्राक्षांच्या एका हंगामाचे पैसे त्यांनी या फिल्ममध्ये घातले होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावायचा मला हक्क नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, “ताई, सगळं झ्याक आहे, पण भूत कुठंय?”

“शेवटच्या पायरीवर उभं आहे, भाऊ.”

“मग दाखवा की!”

महिन्याभराने ते दाखवलं गेलं. पांढरा चेहरा, मोकळे केस आणि कानठळ्या बसवणारा दणका. शहरातल्या एका सभागृहात शो झाला तेव्हा लोक दचकले, एक-दोन किंचाळ्याही आल्या, आणि पाठोपाठ हशा पिकला. मागच्या रांगेतली पोरं बाहेर पडताना त्या चेहऱ्याची नक्कल करत होती. पावलं किती वाजली, हे कोणीही विचारलं नाही.

दिग्दर्शक आणि पैसा लावणारा यांचं भांडण सगळ्याच सिनेमांत असतं. कौटुंबिक सिनेमात एक गाणं वाढवलं, मारधाडीच्या सिनेमात पाठलाग लांबवला, तर सिनेमा लंगडतो पण चालतो. भयपटात हे भांडण थेट जिवावर बेततं, कारण ते नेमकं ज्यात जीव आहे त्यावरूनच होतं: काय दाखवायचं आणि काय झाकून ठेवायचं. आपल्या भाषेला यातला फरक पक्का ठाऊक आहे. दचका वेगळा आणि धास्ती वेगळी. दचका अर्ध्या सेकंदात येऊन जातो आणि मागोमाग माणूस ओशाळून हसतो. धास्ती आपल्याबरोबर घरी येते, रात्री मोरीपर्यंत जातानाही दिवा लावायला लावते. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ यांची वर्णनं गावोगाव तयार आहेत, पण माझी आजी सगळ्यात जास्त भ्यायची ती चकव्याला. चकव्याला तोंड नाही, उलटी पावलं नाहीत. रात्रभर चालून माणूस पहाटे पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो, एवढंच.

मग धंद्यात मुरलेली, शहाणी माणसं हे झाकलेलं उघडायला का निघतात? ‘त्यांना कळत नाही’ असं उत्तर मी बरीच वर्षं देत होते. ते खरं नाही. विनोदी सिनेमाचा निर्माता थिएटरच्या मागे उभा राहून हशे मोजू शकतो. रडवणाऱ्या सिनेमात रुमाल निघालेले दिसतात. भ्यालेलं थिएटर मात्र गप्प असतं, आणि कंटाळलेलं थिएटरही गप्पच असतं. ज्याचे पैसे अडकलेत त्याला या दोन शांततांतला फरक ऐकू येत नाही. म्हणून तो किंचाळी मागतो, कारण किंचाळी मोजता येते.

१९४२ साली आरकेओ या अमेरिकन स्टुडिओने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याला स्वस्तातले भयपट करायला बसवलं. अटी तीन. नाव स्टुडिओ देणार, खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत. पहिलं नाव हातात आलं ‘कॅट पीपल’. या भडक नावाखाली ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टूर्नर यांनी सावल्यांचा सिनेमा केला. त्यातला एक प्रसंग मी किती वेळा पाहिला असेन याची गणती नाही. एक बाई रात्री सुनसान रस्त्याने चालली आहे आणि मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय. मग मागचा आवाज थांबतो. पुढची वळून बघते, तर रस्त्यावर कोणी नाही. ती पळत सुटते. अंगावर जनावर झेपावल्यासारखा फिस्कारा येतो आणि तो निघतो समोर येऊन थांबलेल्या बसचा. संकलक मार्क रॉबसन. आमची थांबलेली पावलं कुठून आली असतील हे सांगायला नकोच. त्या ‘कॅट पीपल’मध्येही स्टुडिओने काळा बिबट्या दिसलाच पाहिजे असा आग्रह धरला होता. टूर्नरने तो एका ऑफिसातल्या टेबलांच्या सावलीतून असा फिरवला की पाहिला म्हणावं तरी खात्री देता येत नाही. नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एखाद्या कॉलनीत बिबट्या शिरल्याची बातमी येते, तेव्हा ज्याला तो दिसला तो दुसऱ्या दिवशी रंगवून सांगत फिरतो. रात्र वाईट जाते ती ज्यांना दिसला नाही त्यांची.

पंधरा वर्षांनी, १९५७ साली, त्याच टूर्नरने इंग्लंडमध्ये ‘नाइट ऑफ द डीमन’ केला. शाप, जादूटोणा यावर अजिबात विश्वास नसलेला एक अभ्यासक, आणि त्याच्या नकळत त्याच्याकडे सरकवलेला शापाचा कागद. हा माणूस खरंच मरणार आहे की सगळे मनाचे खेळ आहेत, ही शंका प्रेक्षकालाही शेवटपर्यंत कुरतडत राहावी अशी त्या गोष्टीची बांधणी. निर्माता हॅल चेस्टर याने टूर्नरच्या इच्छेविरुद्ध सुरुवातीलाच राक्षस दाखवला, शेवटी पुन्हा दाखवला. झालं काय, तर पहिल्या काही मिनिटांत आपल्याला सत्य कळतं आणि पुढचा तासभर आपण नायकाच्या शहाणपणाकडे ‘बिचारा’ म्हणून बघत बसतो. सिनेमा एवढा चांगला आहे की तरीही तगला. मी ज्यांना तो बघायला सांगते त्यांना सुरुवात वगळून बघा असं बजावते.

दोन्ही वेळी दिग्दर्शक तोच होता आणि पैशाचं दडपणही होतंच. मग फरक कशाने पडला? ल्यूटनला घातलेल्या अटी आधी सांगितलेल्या होत्या. नाव, खर्च, लांबी यांचं कुंपण ठरलं आणि आत काय पेरायचं ते बहुतांशी त्याच्यावर सोडलं. १९५७ ला उभ्या पिकात नांगर घातला गेला. निर्मात्याने आधी अटी घालाव्यात, हव्या तेवढ्या कडक घालाव्यात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती कट पक्का झाल्यावर आत येणाऱ्या हाताबद्दल.

हा हात किती लांबवर जातो याचं उदाहरण म्हणजे १९९० चा ‘द एक्झॉर्सिस्ट ३’. विल्यम पीटर ब्लॅटी याने आपल्याच ‘लीजन’ या कादंबरीवरून तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. मॉर्गन क्रीक या निर्मिती कंपनीचं म्हणणं असं की नावात ‘एक्झॉर्सिस्ट’ आहे तर भूत उतरवण्याचा विधी हवाच. म्हणून एक नवा पाद्री गोष्टीत घुसवला गेला, आगीचा आणि आरडाओरड्याचा नवा शेवट चित्रित झाला. आज भयपटांचे चाहते त्या सिनेमातलं काय आठवतात? हॉस्पिटलचा रात्रीचा कॉरिडॉर. कॅमेरा लांब, जागचा न हलणारा. एक नर्स आपलं काम करते आहे, एका खोलीत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. बराच वेळ काहीही घडत नाही, आणि मग जे घडतं ते एका क्षणात संपतं. त्या शॉटला कोणी हात लावला नाही म्हणून तो उरला. २०१६ साली ब्लॅटीच्या मूळ कल्पनेबरहुकूम सिनेमा पुन्हा जुळवायचा प्रयत्न झाला तेव्हा कापलेल्या भागाची निगेटिव्ह सापडली नाही, व्हीएचएस टेपवरचे तुकडे घ्यावे लागले. बघताना स्वच्छ चित्राच्या मधेच एकदम धुरकट, फिकट चित्र येतं. संकलनाचं काम करणाऱ्या माणसाला ते बघवत नाही.

त्याच कंपनीने पुढे याच मालिकेतल्या पूर्वकथेसाठी पॉल श्रेडरकडून आख्खा सिनेमा करून घेतला. तो पुरेसा भीतिदायक नाही म्हणून बाजूला ठेवला. रेनी हार्लिनकडून जवळजवळ सगळा नव्याने चित्रित करून २००४ ला प्रदर्शित केला, समीक्षकांनी त्याला धुऊन काढलं, आणि २००५ ला श्रेडरचाही बाहेर आणला.

दिग्दर्शकाचा कट म्हणजे ब्रह्मवाक्य असं मात्र मला म्हणायचं नाही. आमच्या फिल्मची पहिली चार मिनिटं निर्मात्यांनी कापायला लावली आणि त्यांचं बरोबर होतं. आमचा दिग्दर्शक त्या वाड्याच्या प्रेमात पडला होता, तुळया आणि कोनाडेच दाखवत बसला होता. जॉर्डन पीलच्या २०१७ च्या ‘गेट आउट’मध्ये नायक शेवटी तुरुंगात जातो असा शेवट आधी चित्रित झाला होता. चाचणी प्रयोगानंतर तो बदलला आणि सिनेमाला त्याचा फायदाच झाला. पण बदल पीलने स्वतः केला, आपल्या गोष्टीला काय मानवेल हे ओळखून केला. निर्मात्याने प्रश्न विचारणं आणि उत्तरही परस्पर लिहून टाकणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणि झाकून ठेवलेल्या, सावकाश चढणाऱ्या भीतीला गिऱ्हाईक नाही, हे तरी कोणी सांगू नये. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चं काम २०१२ ला सुरू झालं, झालेलं चित्रीकरण पुन्हा करण्यात आलं, सिनेमा यायला २०१८ उजाडलं. पैसा लावणारे सोहम शाह स्वतःच मुख्य भूमिकेत होते, म्हणजे पावसात तेही भिजत होते. २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. धास्ती पसरायला वेळ लागतो. शुक्रवार ते रविवार एवढ्यावर तिचा हिशेब मांडला तर तो चुकणारच.

हे मी नाशकात बसून लिहितेय, आणि या गावाला तरी हा तंटा नवा वाटू नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ केल्यानंतर आपलं काम नाशकात हलवलं. १९१८ ला मुंबईच्या भांडवलदार भागीदारांबरोबर इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, कामात वेग हवा होता. फाळक्यांना आपल्या पद्धतीने काम करायचं होतं. दोनेक वर्षांतच ते आपण उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि काशीला निघून गेले. सिनेमा शिकवलेल्या माणसाने तिथे बसून नाटक लिहिलं, ‘रंगभूमी’ नावाचं. पुढे ते परत आले, १९४४ ला याच गावात वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. ते भांडण झालं तेव्हा भारतीय सिनेमाचं वय सहा-सात वर्षांचं होतं. आज शंभरी उलटून गेली, तरी त्या भांडणातला मूळ प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही: सिनेमाचा कर्ता कोण?

किंवा असं म्हणू की कायद्याने तो एका बाजूने सोडवून टाकला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कादंबरीचा कर्ता लेखक, चित्राचा कर्ता चित्रकार, छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार, आणि चित्रपटाचा कर्ता निर्माता. कलाकृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा खास हक्क कलम ५७ ने कर्त्याला दिला आहे, पण सिनेमाच्या बाबतीत तो हक्क कर्ता म्हणून जातो निर्मात्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा ज्याने मोडतोड केली त्याच्याकडेच. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानण्याची तरतूद होती. संसदीय समितीने ती नको म्हटलं, आणि २०१२ चा दुरुस्ती कायदा तिच्याविनाच झाला.

याचा परिणाम ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिला. २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती हक्क असलेल्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून पुन्हा थिएटरात लावली. मूळ शेवटी मरणारा नायक नव्या शेवटी जिवंत झाला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर निषेध केला. सिनेमा लागला तो लागलाच. तो भयपट नव्हता, पण मला तेव्हा आमची पायरी आठवली. आमच्या निर्मात्यांना निदान पुन्हा मेकअपवाला आणावा लागला होता, वाड्याचं एका रात्रीचं भाडं द्यावं लागलं होतं. आता १४ सेकंदांच्या अंधारात चेहरा घालायला तेवढ्याही खर्चाची गरज उरलेली नाही. ज्या ज्या जुन्या सिनेमात कोणी काही झाकून ठेवलं आहे, ते सगळं आता कधीही उघडता येईल.

फ्रान्सचा कायदा बघण्यासारखा आहे. दिग्दर्शक आणि निर्माता यांच्या संमतीने अंतिम आवृत्ती ठरली की सिनेमा पूर्ण झाला असं तिथे मानतात, आणि त्या आवृत्तीची मूळ प्रत नष्ट करायला मनाई आहे. जॉन ह्यूस्टन या अमेरिकन दिग्दर्शकाच्या ‘द अस्फाल्ट जंगल’ या कृष्णधवल सिनेमाला रंग चढवून फ्रेंच टीव्हीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या वारसांनी तिथे दाद मागितली आणि १९९१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत त्यांना हे मिळालं नसतं. असा कायदा झाला तर दिग्दर्शक निर्मात्याला अडवून बसतील, धंदा बसेल, असं आपल्याकडे म्हटलं जातं. फ्रान्समध्ये सिनेमे बनायचे थांबलेले नाहीत, आणि तिथे निर्मातेही उपाशी मेलेले नाहीत.

संसद केव्हा हलेल ते हलो. महाराष्ट्राच्या हातात एक गोष्ट आजही आहे. राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, म्हणजे आपण सगळेच देतो. त्या अनुदानाला एक अट जोडावी: अंतिम आवृत्तीवर निर्माता आणि दिग्दर्शक दोघांची सही, आणि त्या आवृत्तीची एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. पुढे निर्मात्याला विक्रीसाठी दुसरी आवृत्ती करायचीच असेल तर त्याने ती करावी, पण ती वेगळी आहे असं सुरुवातीच्या पाटीवर लिहावं. याला लागतो करारातला एक परिच्छेद आणि एक हार्डडिस्क. ही संस्था १९६४ पासून आहे, आणि तरी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पूर्ण प्रत आज आपल्याकडे नाही. तेव्हा रिळं जळत होती, कुजत होती, कोणाला दोष द्यायचा? आता जे जातं ते आपण स्वतः बटण दाबून घालवतो.

गेल्या वर्षी मी आमच्या निर्मात्यांना फोन केला. पहिला कट, काकूंना दाखवलेला, एकदा परत बघावा म्हणून. करारानुसार सगळं चित्रीकरण, सगळे कट मी त्यांच्याकडे सोपवले होते, स्वतःकडे काही ठेवलं नव्हतं. ते मनापासून बोलले, द्राक्षांच्या भावाचं बोलले, मुलीच्या लग्नाचं निमंत्रण दिलं. मग म्हणाले, “ताई, ती हार्डडिस्क पुढच्या शूटिंगला वापरली हो, कोरी करून. जागाच नव्हती.” यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्या दृष्टीने फिल्म तयार होती आणि चेहऱ्यासकट सुरक्षित होती.

वाडाही आता नाही. तिथे इमारत आली, जिन्याच्या जागी पार्किंग आहे. आवाजाचं काम करणाऱ्या आमच्या मित्राकडे जुन्या सामानात त्या पावलांचं मूळ रेकॉर्डिंग तेवढं निघालं, ४१ सेकंदांचं. परवा त्याने ते पाठवलं. रात्री सगळे झोपल्यावर मी हेडफोन लावले आणि मोजत गेले. बारा.